तो, ती, ते

श्रावस्ती आता तिकडे असते,
म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात.
जायच्या आधी दीड वर्ष
सीताबर्डीत कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर
पंख्याखाली बसून तिनं ती भाषा गिळली,
आणि घरी येऊन माझ्या मशीनच्या तालावर
डेर डी डास, डेर डी डास.
मी पिको करून राहिले, ती लिंगं घोकून राहिली.

"आई, तिकडं सूर्य बाई आहे."
मी म्हटलं, म्हणूनच उन्हाची इतकी काटकसर.
"आणि मुलगी 'ते' आहे. मुलगी ना, तीच."
त्यात काय, मी म्हटलं,
आपणही म्हणतोच की पोरगं.

क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या,
मराठी मुलींना हे लवकर जमतं,
तुमच्याकडे तिन्ही घरचीच.
मला उगाच अभिमान,
जशी काही तिन्ही मीच शिवली होती.

माझ्या दुकानासमोर, नारा रोडला,
बारा मजली उभं राहून राहिलं.
दुलौरिन तिथं विटा वाहते. बिलासपूरकडची.
अकरा वर्षं झाली नागपुरात.
तिच्या बोलीत बाई, बैल, टेबल
सगळे एकाच पंगतीला बसतात,
कोण आलं, हे क्रियापद विचारत नाही.
एकदा दारात येऊन म्हणाली,
"ताई, माझा पोरगी आला."
मी हसले. तोंडात टाचण्या होत्या, तरी हसले.
काजबटणवाली सुकेशनी हसली.
मग तीही हसली, हात पदराला पुसत,
आणि त्यानंतर माझ्याशी हिंदीच बोलली.

खरं म्हणजे मी तरी कुठे बोलत होते मराठी.
आपल्या नागपूरचं असंच.
समोरचा परका वाटला रे वाटला
की आपली जीभ आपणच उठून जागा देते.
भाजीवाला काटोलचा, मी इंदोऱ्याची,
दहा मिनिटं कोथिंबिरीवरून
आम्ही हिंदीत भांडतो,
मग कोणाच्या तरी तोंडून "काहून" निसटतं
आणि दोघांचीही चोरी पकडली जाते.

मागच्या बुधवारी एक पोरगा वही घेऊन आला.
"इथं राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. सही करा."
मी केली. उद्या आला तर उद्याही करीन.
ज्या गावचं पाणी प्यायचं
त्या गावाशी भांडता आलं पाहिजे,
नाहीतर रेशनचा कागद दुसरा कोणी वाचून दाखवतो
आणि वाचता वाचता दोन किलो खातो.
पोरगा म्हणाला, "थँक्यू आंटीजी."
समोर जाऊन वॉचमनला म्हणाला,
"चलो भैया, साइन करो."

रात्री श्रावस्तीचा फोन.
एक आजोबा आहेत तिच्याकडे, जुने मास्तर.
ती चमचा धरून उभी असते,
आणि शब्दाचं लिंग नीट लागेपर्यंत
ते तोंड उघडत नाहीत.
सूप थंड होतं.
"राग येतो का गं?"
"त्यांचा नाही," म्हणाली.
"बाकीचे लगेच इंग्रजीत बोलतात ना,
त्यांचा येतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुलौरिन,
हातात शाळेचा झगा, बाही उसवलेली.
"दीदी, कब तक होगा?"
"कल ले जाना" ओठांवर आलंच होतं.
म्हटलं, उद्या ने.
म्हटलं, पोरगी आली का शाळेतून?

ती माझ्याकडे बघत राहिली.
मी टाचण्या काढून डबीत ठेवल्या.
पायडल थांबवलं.
समोर काँक्रीटचा मिक्सर गरगरत होता,
कोणीतरी वरून बादलीसाठी ओरडलं,
ती गेली नाही.
"पोरगी," म्हणाली. आणि थांबली.
मग तिनं आपला रस्ता आपणच काढला.
"पोरगं आलं."

आणि ते बरोबर होतं.

मी शिलाईचे वीस सांगितले.
"काहून वीस?" म्हणाली.